जॅक कुठे लावायचा?

(गाडी चालवून पोट भरणाऱ्या आणि चालवायला शिकणाऱ्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. भाषणाच्या वेळी एक लहान गाडी जॅकवर चढवून दाखवली होती. ते प्रात्यक्षिक जमेल तेवढं शब्दांत उतरवलं आहे.)

मैत्रिणींनो,

काल आपण परवाना, बॅज, कर्ज, परमिट यांवर दिवसभर बोललो. आजचा विषय अगदी जमिनीवरचा आहे, गाडीशेजारी उकिडवं बसूनच शिकण्यासारखा. जॅक कुठे लावायचा, कसा लावायचा, आणि चुकीच्या जागी लावल्यामुळे गाडीच्या तळाचा पत्रा चेपला तर पुढे काय करायचं.

मी मेकॅनिक नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं चालक बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. आज जे सांगणार आहे ते गॅरेजमधल्या मिस्त्रींकडून, गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतून आणि तुमच्यातल्याच जुन्या चालकांकडून गोळा केलेलं आहे. त्यामुळे मधेच थांबवा, विचारा, चुकत असेन तर सांगा.

हा विषय का घेतला? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला स्टिअरिंग, क्लच, ब्रेक शिकवतात. डिकीतला जॅक मात्र कुणी बाहेर काढून दाखवत नाही. ‘चाक बदलायची वेळ आली तर कुणीतरी येईलच की,’ असं हसून सांगतात. हा कुणीतरी रात्री साडेअकराला, आडरस्त्यावर यावा असं आपल्याला वाटतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि बायकांना यंत्रातलं कळत नाही, हे तर इतक्यांदा ऐकलेलं असतं की आपल्यालाही ते पटायला लागतं. इतिहास वेगळं सांगतो. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना वाटेतल्या चांभाराकडून चामडं लावून घेतलं. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, परभणीहून पुण्याला आलेल्या शीला डावरे यांनी रिक्षा चालवायला घेतली. दुसरीकडे आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं २२ वं कलम असं सांगत होतं की, चालू यंत्राची सफाई, तेलपाणी, जुळवणी बाईला करू द्यायची नाही. हेतू संरक्षणाचा होता. पण संरक्षण म्हणजे यंत्रापासून दूर ठेवणं, असा अर्थ समाजाने लावला. संरक्षण म्हणजे नीट शिकवणं, हा अर्थ आपण लावू.

एका मैत्रिणीची गोष्ट

आपल्या गटातल्या एका मैत्रिणीची हकीकत तिच्या परवानगीने सांगते. नाव सांगत नाही. ती मालकाची गाडी पगारावर चालवते. जुलैतला पाऊस, रस्त्याच्या कडेची कच्ची जागा, मागचं डावं चाक पंक्चर. तिने जॅक काढला आणि गाडीखाली हात घालून जिथे सपाट लागलं तिथे लावला. सपाट जागा म्हणजे गाडीचा तळ, कडेपासून वीतभर आत. हँडल फिरवलं तसा कर्रर आवाज आला. गाडी वर येईना, पत्राच वर जायला लागला. तिने जॅक उतरवला, जागा बदलली, चाक बदललं आणि भाडं पोचवलं. मालकाला काही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी मागच्या सीटपुढच्या मॅटखाली पाणी साचू लागलं. गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा कळलं की तळाला फुगवटा आला आहे, सांधा उघडला आहे, आणि शेजारून जाणारी ब्रेक ऑइलची बारीक नळी चेपली आहे. मालकाने बिल न दाखवता दोन महिन्यांच्या पगारातून पैसे कापले.

मी तिला विचारलं, त्याच दिवशी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “ताई, पुरुष ड्रायव्हरने पत्रा चेपला तर म्हणतात, हल्ली पत्रेच पातळ येतात. मी चेपला तर म्हणतात, बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं.”

मैत्रिणींनो, आजच्या भाषणाचं सार या उत्तरात आहे. एकीची चूक सगळ्या बायकांच्या खात्यावर मांडली जाते, म्हणून आपण ती झाकतो. आणि झाकलेल्या चुकीखाली ब्रेकची नळी चेपलेली असते. टोमण्याच्या भीतीपोटी ती तीन आठवडे ती गाडी चालवत होती. मागे कुणाकुणाची मुलं बसली असतील!

गाडी उचलण्याआधी

आता कामाकडे वळू. अल्टो, वॅगन-आर अशा लहान गाडीचं वजन साधारण ७०० ते ९०० किलो असतं. जॅकने आपण एक कोपरा उचलतो, म्हणजे पूर्ण वजन उचलत नाही. पण जॅक निसटला तर त्या कोपऱ्याचं वजनही हात चिरडायला पुरेसं आहे.

पहिली गोष्ट जागा. सपाट आणि टणक जागा मिळेपर्यंत गाडी अगदी हळू पुढे घ्या. टायर फाटला तरी चालेल, टायर विकत मिळतो. उतारावर जॅक लावायचा नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते, मे महिन्यात डांबरही मऊ पडतं. म्हणून डिकीत फूटभर लांब-रुंद जाड फळी कायम ठेवा. ती जॅकखाली घातली की वजन पसरतं, जॅक रुतत नाही. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक नकोत. ते आधी सूचना न देता एकदम फुटतात.

दुसरी गोष्ट, सवाऱ्या उतरवा. मूल झोपलं आहे, आजींना उतरता येत नाही, असं होतं. पण माणूस आत बसलेलं असताना गाडी उचलायची नाही. चारी दिवे लुकलुकते ठेवा, लाल त्रिकोण मागे पन्नासेक पावलांवर ठेवा. मोठ्या रस्त्यावर वाहतुकीच्या बाजूचं चाक गेलं असेल आणि गाडी पुरेशी आत घेता येत नसेल, तर चाक बदलण्याचा हट्ट नको. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि एरवी ११२ हे नंबर आहेत. मदत मागण्यात कमीपणा नाही. मदतीशिवाय दुसरा मार्गच माहीत नसणं, ही अडचण आहे.

तिसरी गोष्ट, गाडी जागची हलू न देणं. हँडब्रेक ओढा आणि पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर ठेवा. दोन्ही का, हे समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. पुढचं एक चाक हवेत गेलं की गिअर गाडीला धरू शकत नाही, कारण हवेतलं चाक मोकळं उलटं फिरू शकतं. तेव्हा हँडब्रेकच कामाला येतो. मागचं चाक उचललं तर हँडब्रेकची पकड एकाच चाकावर उरते, तेव्हा गिअर मदतीला येतो. काही व्हॅनमध्ये इंजिन मागची चाकं फिरवतं. तिचं मागचं चाक उचललं तर गिअर कामाचा राहत नाही आणि हँडब्रेक अर्धाच उरतो. म्हणून जे चाक उचलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दोन दगड किंवा लाकडी गुटके लावायचेच. गाडी कुठलीही असो.

चौथी गोष्ट आपली स्वतःची. ओढणी, पदर खोचून घ्या. बांगड्या, अंगठी काढून खिशात ठेवा. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट हवेत.

नट आणि ताकद

‘नट सोडवायला पुरुषाचीच ताकद लागते’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ताकद लागते, हे खरं. पण ताकद आणि पान्याची लांबी यांचा हिशोब असतो. एक फुटाच्या पान्यावर तीस किलोचा दाब लागत असेल, तर दोन फुटांच्या पान्यावर पंधरा किलोत काम होतं. म्हणून पान्यावर चढेल असा लोखंडी पाइपचा तुकडा गाडीत ठेवा. पान्याचं हँडल नटाच्या डाव्या बाजूला आडवं येईल असं बसवा आणि सरळ हात ठेवून अंगाचा भार खाली सोडा. ओढू नका, पान्यावर उड्या मारू नका. पाइप फक्त सोडवताना. आवळताना पाइप लावला तर बोल्ट तुटू शकतो.

आणि हे सगळं चाक जमिनीवर असतानाच. नट पाव फेरा ढिले करून ठेवायचे, काढायचे नाहीत. गाडी जॅकवर असताना नटाशी झुंजलं तर जॅक हलतो.

जॅकची जागा

आता मुख्य गोष्ट. इकडे या, खाली वाकून बघा. दरवाज्याखाली गाडीच्या लांबीने ही पत्र्याची कड गेली आहे. दोन-तीन पत्रे एकत्र आणून वेल्ड केलेली आहेत, म्हणून ही जागा मजबूत. या कडेवर पुढच्या चाकाच्या किंचित मागे दोन खाचा दिसतात, तशाच मागच्या चाकाच्या किंचित पुढे. त्या दोन खाचांच्या मधे जॅक. जॅकच्या डोक्यावर खोबण असते, तिच्यात ही कड बसली पाहिजे. काही गाड्यांत खाचांऐवजी बाणाची खूण असते. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत चित्र असतं. नवी गाडी हातात आली की पहिल्याच दिवशी चित्र बघून जागा हाताने चाचपून ठेवा, म्हणजे अंधारातही सापडेल.

कडेच्या आत हात घातला की जो सपाट पत्रा लागतो तो गाडीचा तळ. त्याची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. आपले पाय त्यावर असतात म्हणून तो मजबूत वाटतो. पण पायाचा भार पसरलेला असतो आणि जॅकचं डोकं जेमतेम दोन-तीन बोटांचं. इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याखालीही जॅक लावायचा नाही, ते फुटतं. आणि इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांनी तर कानाला खडा लावा. बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींच्या तळाशी बॅटरीच असते. तिथे जॅक लागला तर आगीचा धोका आहे.

जॅक सरळ उभा आहे ना, हे थांबून, मागे सरून बघा. दोन इंच उचला, परत बघा. तिरका झाला तर उतरवा आणि पुन्हा लावा. चाक जमिनीपासून दोन-तीन इंच सुटलं की पुरे. नट काढा, एका डबीत ठेवा. काढलेलं चाक दरवाज्याच्या कडेखाली आडवं सरकवा. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल. मग स्टेपनी चढवा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. समोरासमोरचे नट आळीपाळीने हाताने आवळा, आडवं ठेवलेलं चाक काढा, गाडी खाली घ्या आणि मग पान्याने पक्के करा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावून बघा.

सगळ्यात कडक नियम शेवटी सांगते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही. पडलेला नट काढायलाही नाही. तेलाच्या जॅकचं सील गळलं की तो बसत जातो, स्क्रूचा जॅक बाजूला कलंडतो. खाली जाऊन काम करायचं असेल तर गाडी लोखंडी स्टँडवरच टेकवायची. गॅरेजमध्ये घाईच्या वेळी हा नियम मोडलेला दिसेल. तिथे ‘घाबरते’ म्हणून घ्या, पण खाली जाऊ नका.

पत्रा चेपला तर

इतकं करूनही चूक होऊ शकते. तेव्हा जॅक लगेच उतरवा, दुसऱ्या योग्य जागी लावून चाक बदला. निघण्याआधी पाच मिनिटं तपासणी करा. पेट्रोलचा वास येतो का? येत असेल तर गाडी चालूच करायची नाही. गाडीखाली काही ठिबकतंय का? ब्रेकचं पेडल नेहमीच्याच उंचीवर आणि तेवढंच कडक आहे का? ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरली का? त्या बाजूचा दरवाजा नीट लागतो का, सीट हलत नाही ना? यातलं एकही उत्तर बिघडलेलं असेल तर गाडी ओढून न्यायची.

सगळं ठीक वाटलं तरी एक-दोन दिवसांत गॅरेजमध्ये गाडी वर घेऊन नळ्या बघून घ्या. मोबाइलवर फोटो काढा, आणि मालक असेल तर त्याला त्याच दिवशी कळवा.

दुरुस्ती तीन प्रकारची असते. ती समजली की बिलही समजतं.

पहिला प्रकार, नुसता फुगवटा. पत्रा फाटलेला नाही. सीट आणि आतलं कार्पेट काढतात, खाली-वर कुठल्या वायरी, नळ्या, टाकी आहे ते पाहतात, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी करतात. मग आतून लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोडीने हलके हलके ठोकतात, फुगवट्याच्या कडेकडून मध्याकडे. एकदम मध्यावर जोरात मारलं तर पत्रा ताणला जातो आणि पाय ठेवला की ‘टक् टक्’ वाजत राहतो. पत्रा अगदी पहिल्यासारखा सपाट व्हावा असा आग्रह धरू नये. ताण गेला, नळी मोकळी झाली, सीट सरळ बसली की काम झालं.

दुसरा प्रकार, खाचांची कड दुमडलेली. ती पकडीने धरून थोडी थोडी सरळ करतात, मागे लोखंडी ठोकळा धरून हातोडीने बसवतात. एका झटक्यात सरळ केली तर वेल्ड सुटतो. कड सरळ झाली नाही तर पुढच्या वेळी जॅक तिथे नीट बसणार नाही, हे लक्षात ठेवा.

या दोन्हींत ठोकाठोकीनंतरचं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि तेच टाळलं जातं. पत्रा वाकला की त्यावरचा रंग आणि खालचा डांबरासारखा थर तडकतो, तिथे पाणी शिरून गंज धरतो. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं, कोरडं करायचं, रेड ऑक्साइड किंवा जस्ताचा प्रायमर मारायचा, सांध्यात सीलर भरायचा, वरून रंग आणि खालून अंडरकोटिंग. पाणी निघून जायची भोकं बुजवायची नाहीत. हे काम आपण स्वतःही करू शकतो. कोकणात, मुंबईत, समुद्राच्या खाऱ्या हवेत, हे पावसाळ्याआधी झालंच पाहिजे.

तिसरा प्रकार, फाटलेला किंवा गंजून भोक पडलेला पत्रा. इथे पुट्टी किंवा फायबरचा लेप लावून, वर रंग मारून देणारे भेटतात. दिसायला छान दिसतं, पण त्यात ताकद शून्य. गंजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्ड करावा लागतो. वेल्डिंग आपण करायचं नाही, पण उभं राहून बघायचं. सीट-कार्पेट बाहेर, बॅटरी सुटी, पेट्रोलच्या नळ्या आणि टाकी बाजूला किंवा झाकलेली, आग विझवायचं साधन जवळ, एवढं दिसलं नाही तर काम थांबवायला सांगायचं. वेल्ड झाल्यावर दोन्ही बाजूंनी प्रायमर आणि सीलर.

गॅरेजमध्ये जाताना आधी लेखी अंदाज मागा, कोणत्या प्रकारचं काम आहे ते विचारा आणि कापलेला तुकडा परत मागा. ‘ताई, तुम्हाला नाही कळायचं’ असं कुणी म्हटलं तर शांतपणे म्हणा, “कळेल असं सांगा.” नीट समजावणारे मिस्त्रीही पुष्कळ आहेत. त्यांचे नंबर आपण गटात एकमेकींना देऊ.

नुकसान कुणी भरायचं?

पगारावर चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नुकसानीबद्दल पगार कापायचाच असेल तर कामगाराला आधी आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, आणि प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ठेवली आहे. आपल्या मैत्रिणीला बिलच दाखवलं नव्हतं. गटातल्या चौघी तिच्याबरोबर मालकाकडे गेल्या आणि बिल मागितलं. बिल निघालं तेव्हा कापलेली रक्कम जास्त होती. वरचे पैसे परत मिळाले. बिलाइतके पैसे मात्र तिने भरले, आणि तिला ते मान्य होतं. चूक मान्य करणं आणि लुबाडून घेणं यांत फरक आहे. तो फरक कागदावर दाखवता आला पाहिजे.

तिची नोकरी टिकली. आज मघाशी हँडल फिरवून तुम्हाला गाडी उचलून दाखवली, ती तीच.

आता आपल्या गटांसाठी तीन कामं सुचवते. महिन्याच्या बैठकीत एकदा प्रत्येकीने स्वतःच्या हाताने चाक काढून परत चढवायचं, शेजारणीने फक्त बघायचं, हात लावायचा नाही. प्रत्येक गाडीत फळी, दोन गुटके, पाइप, विजेरी आणि त्रिकोण आहे का, ते तपासायचं. आणि बैठकीची पाच मिनिटं ‘या महिन्यात काय चुकलं’ यासाठी राखून ठेवायची. हसायचं नाही, टोमणा नाही, नाव बाहेर जाणार नाही. पुढच्या वेळी कुणाचा पत्रा चेपला तर तीन आठवडे मॅटखाली पाणी साचायची वाट बघावी लागू नये.

चला, बाहेर दुसरी गाडी उभी आहे. ज्यांनी कधीच जॅक हातात घेतला नाही त्यांनी आधी या.